दाराजवळचा वजनकाटा

रात्रपाळीला कॅज्युअल्टीत बसलं की नुसत्या आवाजावरून कळायला लागतं काय येतंय ते. मारामारी असली तर माणसांच्या आधी शिव्या आत येतात, बाईकचा अपघात असला तर रिक्षा पायरीला घासतच थांबते, पण लहान पोर आणलं असलं ना तर नुसत्या चपला वाजतात, कुणीतरी पळत येतंय एवढंच कळतं आणि बाकी शांतता. ती शांतता मला अजूनही नको वाटते, 19 वर्षं झाली नोकरीला तरी. पोर रडत आलं तर मी जरा निवांत असते, रडतंय म्हणजे श्वास चालू आहे, शुद्धीत आहे, अंगात जोर आहे. गप्प आलेलं पोर बघितलं की हातातलं काम टाकून उठायचं.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे सगळं एकाच दारातून येतं, साप, विंचू, अडलेली बाळंतीण, छातीत दुखणारे आजोबा, औषध प्यालेली माणसं, आणि मुलं. मुलांची वेगळी कॅज्युअल्टी वगैरे मोठ्या शहरात असते. बालरोगतज्ज्ञांचं पद मंजूर आहे, कधी भरलेलं असतं कधी रिकामं, आणि भरलेलं असलं तरी रात्री दोन वाजता दाराशी ते थोडेच उभे असणार, दाराशी मी असते, एक एमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, असतात आणि वॉर्डबॉय मामा.

आठ वर्षांपूर्वीची जुलैमधली एक रात्र सांगते. धो धो पाऊस, लाइट जाऊन येऊन. दीड वर्षाची मुलगी, ताप होता दोन दिवस, घरी झटके सुरू झाले ते दवाखान्यात आणेपर्यंत थांबलेच नव्हते. बाप नुसता म्हणत होता, "पोर काय बोलत नाय वो सिस्टर, पोर बोलत नाय." डॉक्टर नुकतेच बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीवर आलेले, हुशार मुलगा, त्याने बरोब्बर विचारलं, वजन किती? आणि तिथंच सगळं अडलं. लहान मुलांचा वजनकाटा लसीकरणाच्या खोलीत, खोलीला कुलूप. बाप म्हणाला दहा किलो असेल, आई म्हणाली बारा. मी बघून म्हटलं दहा. दहा धरलं.

सुई लावायला गेले तर ट्रेमध्ये गुलाबी आणि हिरवी, म्हणजे 20 आणि 18 नंबर, मोठ्या माणसांच्या. पिवळी 24 नंबर संपलेली, शेवटची कधी वापरली आणि पुन्हा का भरली नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. मामा लेबर रूममधून पिवळी घेऊन आले. झटके थांबवायचं औषध, मिडाझोलाम दिलं, झटके थांबेनात म्हणून पाच मिनिटांनी दुसरा डोस दिला, आणि झटके थांबले तसा तिचा श्वासही थांबत आला. ओठ निळे. अँब्यु बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हातात घेतली तर मास्क मोठ्या माणसाचा, तिच्या कपाळापासून हनुवटीच्या खालपर्यंत सगळं झाकतोय आणि बाजूनं सगळी हवा बाहेर. लेबर रूममधला आणला तर तो नुकत्या जन्मलेल्या बाळाचा, नाकावर ठेवला तर तोंड उघडं. मधल्या साइजचा मास्क आमच्याकडे होता. खरेदी झालेला होता, रजिस्टरला नोंद होती, पॅकिंगसकट कपाटात होता, आणि कपाटाची चावी घरी गेलेल्या माणसाच्या पर्समध्ये. शेवटी त्या पोरसवदा डॉक्टरला कुठूनतरी आठवलं की मोठा मास्क उलटा धरला, निमुळतं टोक हनुवटीकडे, तर लहान तोंडावर बरा बसतो. तसं धरून आम्ही दोघांनी आळीपाळीने सात-आठ मिनिटं बॅग दाबली. मामा टॉर्च धरून उभे.

मुलगी वाचली. 108 मधून जिल्ह्याला पाठवली, पाचव्या दिवशी घरी गेली. मी तिकडच्या वॉर्डला फोन करून विचारलं होतं तिचं वजन काय भरलं. 7 किलो 800 ग्रॅम.

त्या आकड्याने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. आम्ही तिला दहा किलोच्या मुलीचं औषध दिलं होतं, एकदा नाही दोनदा. बघून अंदाज चुकतो हे शाळेत शिकलेलं, पुस्तकातलं, पण आपल्या भागातली पोरं वयाच्या मानानं हडकुळी असतात आणि आई-बाप नेहमी थोडं जास्तच सांगतात, कोण आई म्हणेल माझं पोर बारीक आहे म्हणून. तिकडे अमेरिकेत डॉ. जेम्स ब्रोसलो नावाच्या डॉक्टरांनी 1985 च्या सुमारास एक रंगीत पट्टी काढली, पोराशेजारी उलगडायची, टाच ज्या रंगावर येते त्यावरून वजन, श्वासाच्या नळीचा साइज, औषधाचा डोस सगळं वाचायचं. फार चांगली कल्पना, भीतीच्या वेळी डोक्यातला हिशोब चुकतो म्हणून हिशोब आधीच करून ठेवायचा. पण भारतातल्या मुलांवर तपासली तेव्हा दहा किलोच्या वरच्या मुलांचं वजन ती पट्टी जास्त दाखवते असं निघालं, उंची तेवढीच पण अंगावर मांस कमी. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, काटा दाराजवळ ठेवा. पोर उभं राहू शकत नसेल तर आईला पोरासकट काट्यावर घ्या, मग आईला एकटीला, वजाबाकी करा. वीस सेकंद लागतात. झटके चालू असतानासुद्धा एकीकडे ऑक्सिजन लावून हे करता येतं, आम्ही केलंय.

या सगळ्यातून मला एक गोष्ट पक्की कळली, त्या रात्री आमच्यात कामचुकार कुणी नव्हतं. डॉक्टर जागे होते, मी होते, औषध होतं, मास्कसुद्धा होता. फक्त मुलांसाठीची तयारी हे दवाखान्यात कुणाचंच काम नव्हतं. डिलिव्हरीची तयारी लेबर रूमच्या इनचार्जची, हार्ट अटॅकच्या पेशंटची तयारी एमओंची, मुलांची सगळ्यांची. आणि जे सगळ्यांचं असतं ते रात्री दोन वाजता कुणाचंच नसतं.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की हे फक्त आमच्या तालुक्याचं दुखणं नाही. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा आजारी मुलांपैकी बहुतेक मुलं मुलांच्या स्पेशल हॉस्पिटलात जातच नाहीत, जवळच्या साध्या हॉस्पिटलाच्या इमर्जन्सीतच जातात, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दिवसाला पंधरासुद्धा मुलं येत नाहीत. 2013 साली त्यांनी देशभरातल्या चार हजारांहून जास्त हॉस्पिटलांना मुलांसाठीच्या तयारीचे मार्क द्यायला लावले, 100 पैकी. मधला आकडा आला 69. आणि 2019 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या हॉस्पिटलांची तयारी सगळ्यात चांगली, तिथे अत्यवस्थ मुलांचे मृत्यू सगळ्यात कमी तयारीवाल्यांच्या मानाने चौपट कमी. त्या तयारीत काय काय धरलंय बघितलं तर मला आधी खरंच वाटेना. पोराचं वजन फक्त किलोतच लिहायचं, पौंडात नाही. सगळ्या साइजची साधनं एका जागी. आणि मुलांच्या तयारीची जबाबदारी नाव लावून एका डॉक्टरची आणि एका नर्सची. नाव लावून! मी रात्री घरी हे वाचत होते, नवऱ्याला उठवून सांगितलं.

दुसरं वाचलं ते आफ्रिकेतल्या मलावीचं, ते जास्त आपलं वाटलं. ब्लँटायर शहरातलं मोठं सरकारी हॉस्पिटल, क्वीन एलिझाबेथ नावाचं, तिथे मुलांची एवढी गर्दी की रांगेतच पोरं दगावायची. डॉ. एलिझाबेथ मॉलिनो आणि त्यांच्या माणसांनी तिथे रांगच बदलली. जो आधी आला तो आधी, हे बंद. पोर आत आलं की त्याला आधी एका नजरेत बघायचं, श्वास, अंगाचा रंग, हातपाय गार आहेत का, शुद्ध, झटके, पाणी कमी झालंय का, आणि यातलं काहीही असलं तर केस पेपर मागाहून. वॉर्डातले मृत्यू आधी 100 पैकी 10 ते 18 होते, ते 6 ते 8 वर आले. मोठी मशिनरी आली नव्हती हो, माणसं शिकवली आणि जागा नीट लावली. जागतिक आरोग्य संघटनेचं ईटॅट नावाचं, गंभीर पोर आधी ओळखून लगेच उपचार करायचं ट्रेनिंग याच तऱ्हेच्या कामातून उभं राहिलं, आणि आपल्याकडेसुद्धा ते सरकारी ट्रेनिंगमध्ये आलंय. मी ते केलंय. पण ट्रेनिंग करून आलेल्या सिस्टरची सहा महिन्यांत डोळ्यांच्या ओपीडीला ड्युटी लागते, ही आपल्याकडची खरी अडचण, आणि यावर कुणीतरी वरच्या पातळीवर मनावर घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

केस पेपरचं तर मी कितीदा भांडले. आईच्या कडेवर पोर मान टाकून पडलंय आणि खिडकीतून आवाज येतो, आधी पेपर काढा. आता आमच्या खिडकीवरच्या दादांना मी शिकवलंय, पोर गप्प असेल, धापत असेल, झोपाळलेलं असेल तर बोट माझ्याकडे करायचं, बास. पेपर बापाने काढावा, आई आणि पोर आत. त्यांनी एकदा एक बाळ असं पाठवलं, पोट उडत होतं श्वासाला, नाकपुड्या फुगत होत्या, मी मिनिटभर घड्याळ धरून मोजला तर 72. पाच महिन्यांच्या बाळाचा 50 च्या आत पाहिजे. दादांना मी नंतर जाऊन सांगितलं, तुम्ही पकडलंत हो हे, तर ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

विंचवाचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण आमच्या कोकणात लहान पोर आणि लाल विंचू हे फार जुनं वैर आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर सगळ्यांना माहीत आहेत, 2022 ला पद्मश्री मिळाली. पण त्यांनी काम सुरू केलं तेव्हा ते एका साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर होते, बिरवाडीला, 1976 च्या सुमारास. विंचू चावलेली माणसं, त्यात पोरं पुष्कळ, रात्री यायची आणि सकाळपर्यंत तोंडाला फेस येऊन जायची, छातीत पाणी भरून, आणि पुस्तकात याचं धड काही लिहिलेलं नव्हतं. या माणसाने काय केलं, तर पेशंटच्या खाटेजवळ बसून राहिला. नाडी, बीपी, घाम, हातपाय गार, तासातासाला लिहीत. 1982 ला त्यांचं हे निरीक्षण लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित मासिकात छापून आलं, आणि पुढे बीपीची एक साधी स्वस्त गोळी, प्राझोसिन, या विषाविरुद्ध चालते हे त्यांनी दाखवलं. आधी गंभीर केसमधले 100 पैकी 30-40 जायचे, ते प्रमाण एक-दोनवर आलं. मला त्यात सगळ्यात मोठं काय वाटतं माहितीये का, तो शोध मोठ्या हॉस्पिटलात लागला नाही. जिथे पोरं खरोखर येतात तिथे लागला, तिथल्याच माणसाने लावला.

आणि त्यांच्या कामातलीच एक गोष्ट आम्ही नवीन मुलींना आधी सांगतो. विंचू चावल्यावर जे पोर जोरात कळवळतंय, पाय आपटतंय, त्याला बहुतेक वेळा विष अंगात फार भिनलेलं नसतं. ज्याला दुखत नाही म्हणतंय पण उलट्या होतायत, घामानं चिंब झालंय, हातपाय बर्फासारखे, त्याला सोडून हलायचं नाही. प्राझोसिन किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या पोराला एक मिलिग्रॅमच्या गोळीचा साधारण तिसरा हिस्सा, पुन्हा आलं वजन. आणि गोळी दिल्यावर पोराला उठवून बसवायचं नाही, कडेवर घेऊन फिरवायचं नाही, बीपी एकदम उतरतं. आजीला हे समजावणं सगळ्यात अवघड, नातू रडला की तिचे हात आपोआप पुढे येतात.

सापाचं मात्र उलटं आहे, आणि इथे नवे डॉक्टरसुद्धा घोटाळतात. सगळी औषधं किलोवर मोजायची सवय लागली की ते सापाचं इंजेक्शनही पोराला कमी द्यायला बघतात. पण सापाने पोर बघून विष कमी सोडलेलं नसतं, तेवढंच विष एवढ्याशा अंगात गेलेलं असतं, म्हणून एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, पोरालाही मोठ्या माणसाइतकंच. ही ओळ आम्ही मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवलीय, ज्या फ्रिजमध्ये ती वायल असतात त्याच्याच.

अशा कागदांचा मला आता नाद लागलाय. एक कागद ॲड्रेनालिनचा, हृदय बंद पडलं तर शिरेतून द्यायचं औषध. एका ॲम्प्युलमध्ये एक एमएल, ते दहा एमएल करायचं, मग किलोमागे 0.1 एमएल. पाच किलो, सात, दहा, बारा, पंधरा, वीस, सगळ्यांचे आकडे आधीच लिहून ठेवलेत, धावपळीत कुणी गुणाकार करायचा नाही. एक कागद साखरेचा. झटके आलेल्या प्रत्येक पोराची साखर बघायचीच, कारण मागे एक मुलगा आला होता, तीन वर्षांचा, उलट्या-जुलाब आणि दीड दिवस पोटात काही नाही, सगळे तापाचे झटके म्हणत होते आणि ग्लुकोमीटरवर आले 34, म्हणजे फारच कमी. आपल्याकडे 25 टक्केवालं डेक्स्ट्रोज असतं, ते तसंच पोराच्या बारीक शिरेत नको, दोन भाग ते आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटर घेतलं की दहा टक्के होतं, ते किलोमागे पाच एमएल. त्या मुलाने सिरिंज संपायच्या आत डोळे उघडले आणि आईकडे बघून पाणी मागितलं. एवढं लख्ख मी आयुष्यात फार कमी बघितलंय.

आणि एक कागद पालकांसाठी, पॅरासिटॅमॉलचा. तीच गोड लाल-केशरी बाटली, पण एकीत पाच एमएलमध्ये 125 मिलिग्रॅम, दुसरीत 250, आणि थेंबाच्या छोट्या बाटलीत एकाच एमएलमध्ये 100. आई सांगते, "चमचाभर दिलं." कुठल्या बाटलीतलं, कुठला चमचा? म्हणून मी सगळ्यांना सांगते, पोर दवाखान्यात आणताना घरातलं जे काय दिलं असेल त्याची बाटली पिशवीत टाकून आणा, रॉकेल प्यायलं असेल तर काय प्यायलं ते नीट सांगा आणि वाटेत उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका.

आता तयारीचं आमच्याकडे कसं चाललंय ते. कॅज्युअल्टीत मुलांची एक वेगळी ट्रॉली आहे, जुनी ड्रेसिंगची होती, मामांनी रंग दिला. तीन साइजचे मास्क उघड्यावर, कुलुपात नाहीत. अधीक्षक साहेब आधी म्हणाले चोरीला जातील, मी म्हटलं गेले तर मी भरून देईन. आठ वर्षांत एक गेला. रोज सकाळी आठला आणि रात्री आठला ट्रॉली मोजायची, पिवळ्या सुया, जांभळ्या सुया, ऑक्सिमीटरचं लहान मुलांचं प्रोब, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख, आणि खाली सही. दर बुधवारी दुपारी दहा मिनिटं बाहुलीवर सराव. बाहुली माझ्या मुलीची जुनी आहे, एक डोळा मिटत नाही तिचा. हे दहा मिनिटांचं लोकांना फार पटत नव्हतं सुरुवातीला, पण गंभीर पोर आमच्याकडे रोज थोडंच येतं, महिन्यातून एखादं, कधी दोन महिन्यांतून, आणि तेवढ्या काळात हात विसरतात. मोठ्या माणसाचं हृदय बंद पडतं तसं पोराचं सहसा अचानक बंद पडत नाही, आधी श्वास दमतो, पाणी कमी होतं, मग हृदय हरतं. म्हणजे आपल्याला वेळ मिळतो. बॅग-मास्क नीट येणं एवढी एक गोष्ट हातात बसली तरी पुष्कळ होतं. मामासुद्धा मास्क धरायला शिकलेत, अंगठा आणि बोटाचा सी करून.

रेफर करणं थांबलेलं नाही, थांबणारही नाही, आमच्याकडे पीआयसीयू, म्हणजे मुलांचा अतिदक्षता विभाग, नाही. पण आधी आम्ही चिठ्ठी लिहायचो आणि गाडीत बसवायचो, आता आधी फोन जातो, पोराचं वजन, काय दिलं, किती वाजता दिलं, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, आणि समोरून नाव विचारून घेतो कुणी घेतलं ते. गाडीतल्या सिलिंडरचा काटा मी स्वतः चढून बघते. घाट धरून दोन-अडीच तास लागतात पावसात, मोजूनच पाठवायला लागतं.

आईला आम्ही बाहेर काढत नाही. पूर्वी काढायचो. आता पोराच्या डोक्याशी स्टूल देतो, हात धरायला सांगतो, पोराशी बोलत राहा म्हणतो. सुई चांगली लागते अशानं, हे कुठल्या पुस्तकात असो नसो.

गेल्या महिन्यात बदलीची ऑर्डर आली. जिल्ह्याच्या ठिकाणी, चांगलं आहे, मुलीचं कॉलेज तिथेच आहे. ट्रॉलीच्या बाजूला एक कार्ड लावलंय, त्यावर लिहिलंय, मुलांच्या तयारीची जबाबदारी, आणि खाली माझं नाव आणि मोबाईल. परवा ते कार्ड काढलं, नवीन लिहिलं. वरची ओळ तीच. खाली कुणाचं नाव लिहायचं हे साहेबांना तीनदा विचारलं, ते म्हणाले बघू, नवीन सिस्टर येऊ दे. नवीन सिस्टर कधी येतील माहीत नाही. रात्री चहाच्या वेळेला आमच्यातला सगळ्यात लहान ब्रदर, दोन वर्षंच झालीत त्याला, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, नाव लिहायला काही ऑर्डर लागते का?" मी म्हटलं नाही रे, पेन लागतं. त्याने खिशातलं काढलं, नाव लिहिलं, मग मोबाईल नंबर लिहिताना एक आकडा चुकला म्हणून खोडून पुन्हा लिहिला, आणि गेला ट्रॉलीकडे पिवळ्या सुया मोजायला.